बकेट कुठे थांबवावे

आयर्लंडच्या ग्रामीण भागात वायुवाहिनी टाकताना पुरातत्त्वज्ञाचे खरे काम सुरू होते ते शेतावरची वरची माती यंत्राने काढली जाते तेव्हा. जुने नकाशे, स्मारकांची सरकारी नोंदवही, हवाई छायाचित्रे आणि पायी पाहणी यांतून ठळक गोष्टी आधीच कळलेल्या असतात. त्या टाळण्यासाठी मार्गही वळवलेला असतो. उरते ते सपाट, वर्षानुवर्षे नांगरलेले रान. मॅग्नेटोमीटर त्यातल्या जळक्या जागा आणि मोठे चर दाखवतो, पण बारीक खुंटीचे छिद्र त्याला सहसा दिसत नाही. केवळ त्याच्या आलेखावर विसंबून शेत रिकामे ठरवणे हा या व्यवसायातला सर्वांत घातक आळस आहे.

निर्णय होतो तो खोदयंत्राच्या बिनदाती बकेटपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यावर. नांगरटीचा थर संपून मूळची माती जिथे लागते, ती सीमा एकाच शेतात वर-खाली होत जाते. बकेट पाच सेंटिमीटर आधी थांबले, तर सगळे एकसारखे तपकिरी राहते. पाच सेंटिमीटर खाली गेले, तर भिंतीच्या खुंट्यांच्या छिद्रांचे तळही खरवडून निघतात, आणि अहवालात लिहिले जाते की तिथे काहीच नव्हते. त्यात ओलावा. नुकत्याच उघडलेल्या ओलसर मातीत खड्ड्याचा डाग ठसठशीत दिसतो, ऊन-वारा लागला की विरतो आणि पाऊस पडून गेल्यावर कधी कधी पुन्हा उमटतो. दुपारी कोरडी दिसलेली पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिल्याशिवाय सोडू नये. कंत्राटदाराचे वेळापत्रक मात्र ती सकाळ क्वचितच देते. यंत्रचालकाचा हात ही यातली निम्मी विद्या आहे. मुरलेल्या चालकाला थर बदलला हे बकेटला लागणाऱ्या ओढीवरूनच कळते, आणि अशा चालकाचे नाव अहवालात असायलाच हवे.

लिमरिक परगण्यातले टँकर्ड्सटाउन साउथ हे या कामाचे सर्वांत मोलाचे फळ. १९८६ मध्ये वाहिनीच्या पट्ट्यात तिथे नवाश्मयुगातले चौकोनी घर मिळाले. उत्खनन मार्गरेट गोवेन यांचे. पायाच्या चरात ओकच्या फळ्या उभ्या केलेल्या, घर जळून गेलेले, आणि राखेत खपली गव्हाचे दाणे. साडेपाच हजार वर्षांहून जुन्या त्या शेतीची जमिनीवर काहीही खूण उरलेली नव्हती. पुढे जवळच दुसरे घरही सापडले. पण पहिले घर दिसले त्याचे कारणही नीट पाहायला हवे: चर खोल होता आणि कोळशाने काळा झाला होता. तेवढ्याच काळाचे, उथळ खुंट्यांवर उभारलेले, न जळलेले घर त्याच पट्ट्यात असते, तर ते बहुधा बकेटमध्ये गेले असते.

दिसणारे आणि निसटणारे यांच्यातला तोल ब्राँझयुगाबाबत आणखी ढळतो. २००२ मध्ये डब्लिनकडून गॉलवेमार्गे लिमरिककडे टाकलेल्या ३३५ किलोमीटरच्या वाहिनीवर जळक्या दगडांचे ढीग, आयरिश भाषेत ‘फुलाख्त फिआ’, वारंवार लागले. तापवलेले दगड हौदात टाकून पाणी उकळायची ही जागा. मायकल जे. ओकेली यांनी १९५०च्या दशकात कॉर्क परगण्यातल्या बॅलीवोर्नी इथे प्रयोग करून दाखवले की सुमारे ४५० लिटर पाणी अर्ध्या तासाच्या आसपास उकळते. तिथे मांसच शिजवत की आणखी काही करत, यावर वाद आहे. पण काळी माती आणि फुटके दगड चालत्या यंत्रावरूनही ओळखू येतात. त्यामुळे नकाशे अशा ढिगांनी भरतात आणि पाणी उकळणारी माणसे राहत कुठे, ते मात्र त्या मानाने फार कमी वेळा हाती लागते.

या कामातला अभिमान सगळा डोळ्याचा असतो. जुना उत्खनक आपली ओळख सापडलेल्या वस्तूंवरून सांगत नाही. इतरांना न दिसलेला डाग आपण पाहिला, हे सांगतो. म्हणूनच वय झाल्यावर दोन तपकिरी छटांमधला फरक उशिरा कळू लागला, की ते कबूल करणे त्याला सर्वांत जड जाते. शिकाऊ मुलगी करणीच्या टोकाने वर्तुळ आखते आणि तो दोनदा मान हलवतो. तिचे बरोबर आहे हे त्याला छेद घेतल्यावरच पटते. पुढे तिला यंत्रापुढे उभे करून स्वतः मागे राहणे, इतका साधा बदल करायलाही अहंकार फार वेळ लावतो.

डोळ्याने पाहिलेले पुढे पोहोचते ते अहवालांतून, आणि अहवालांची घसरण मोठी आहे. १९८१-८२ च्या कॉर्क-डब्लिन वाहिनीवरचे उत्खनन १९८७ मध्ये ग्रंथरूपात आले, गोवेन यांचे वाहिन्यांवरच्या उत्खननांचे पुस्तक १९८८ मध्ये. पुढच्या बांधकामाच्या भरभराटीत उत्खननाचे परवाने भराभर निघाले आणि कित्येक अहवाल फायलींतच राहिले. छापलेल्या अहवालांतही खड्ड्यांची मापे मिळतात, पण बकेट कोणत्या खोलीवर थांबले, माती ओली होती की कोरडी, पुढे कोण उभे होते, हे क्वचितच मिळते. या तीन नोंदी असतील तरच ‘काही आढळले नाही’ या वाक्यावर किती विसंबायचे ते पुढच्या अभ्यासकाला ठरवता येईल.