पोटखराबा

राजापूर तालुक्यातला आमचा कातळाचा सडा सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लागला आहे. मीही त्याला तेच समजत आलो. खरं तर माझ्या शाळेची फी त्या सड्यानेच भरली. मिरगाचा पाऊस पडला की कातळातले खळगे भरत, त्यांत सुईसारखा लव्हाळा उभा राही आणि आमची म्हैस दिवसभर तिथे चरे. तिच्या दुधावर आईने घर चालवलं. म्हैस हाकणाऱ्या मला त्या हिरवळीकडे नीट बघावंसंही वाटलं नाही.

1994 साली, बाबा गेल्यावर, जमीन माझ्याकडे आली. रोजगार हमीच्या फळबाग योजनेचं अनुदान मिळत होतं, जो तो हापूस लावत होता. मीही सुरुंग लावून खड्डे काढले, मळ्यातली माती वर नेऊन भरली. सगळ्यांत मोठा खळगाही सोडला नाही. पुढच्या पावसात तिथे पाणी ठरेना. तळच्या कातळाला चीर गेली होती. तुकोबांचा लव्हाळा महापुरात वाचतो. माझ्या सुरुंगात तो वाचला नाही.

त्यात काय गेलं, हे उमगायला सोळा वर्षं लागली. भर श्रावणात वनस्पतिशास्त्राच्या एक बाई सडा बघायला आल्या. उरलेल्या एका खळग्याशी गुडघे टेकून त्यांनी एक काडी माझ्या हातात दिली. “काका, याचं पान दाखवा.” मी शोधत राहिलो. पान नव्हतंच. हिरवी काडीच पानाचं काम करते, टोकाला एकच इवलंसं कणीस. बोटभर माती, चार महिन्यांचं पाणी. तेवढ्यात रुजायचं, फुलायचं, बी टाकायचं. दिवाळीनंतर तिथे नुसता काळा कातळ. याच वंशातली ‘इलिओकॅरिस वदूदी’ ही जात कोकणच्या सड्यांवरच सापडली, 2009 साली तिची नोंद झाली, लव्हाळ्यांचे अभ्यासक वदूद खान यांचं नाव तिला दिलं, हे मला बाईंकडून कळलं.

मग त्यांनी सहज विचारलं, “त्या फोडलेल्या खळग्यात कुठला लव्हाळा होता?”

लहानपणापासून त्या पाण्यात पाय बुडवलेला मी. मला सांगता आलं नाही.

उरलेल्या दोन खळग्यांना मी हात लावलेला नाही. चिरेखाणवाले सडा मागायला येतात, चहा पिऊन जातात. मुलीच्या लग्नाच्या वर्षी मी हो म्हणायच्या बेतात होतो, तेही लपवत नाही. फोडलेल्या जागी तीन कलमं जगली आहेत. त्यांचे आंबे घरी येतात, आणि मी ते खातो.