आत्याच्या हातचा रस

परवा सुनेनं नातवाच्या खोकल्यासाठी काळ्या मनुका उकळत ठेवल्या आणि त्या वासासरशी आत्या आठवली. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रभुभोजनाच्या विधीसाठीचा रस तीच करायची. शनिवारी रात्री मनुका भिजत घालायच्या, पहाटे उकळून हातानं कुस्करायच्या, मलमलीतून गाळायच्या. तिच्या बोटांची पेरं दिवसभर तांबूस दिसत.

तिच्या मुलीनं मंडळीबाहेरच्या मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, तेव्हा पंचांनी आत्याचं प्रभुभोजन बंद केलं. रस करायचं काम मात्र तिच्याकडेच ठेवलं. इवल्याशा पेल्यांचं ताट रांगेतून तिच्यापर्यंत येई; ती ते दोन्ही हातांनी धरून तसंच शेजारणीकडे देई. ते ताट डोळ्यांपुढून हलत नाही.

पंचांनी आधार दाखवला पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचा: अयोग्य प्रकारे भाकर खाऊ नये. पण त्या अध्यायात पौल चिडलाय कुणावर? स्वतः आधी जेवून घेऊन गरिबांना उपाशी ठेवणाऱ्यांवर. अंत्युखियात त्यानं पेत्राला सर्वांदेखत धारेवर धरलं, तेही पंगतीवरूनच. याकोबाकडची यहूदी माणसं येताच पेत्र यहूदी नसलेल्या परराष्ट्रीयांसोबत जेवायचा थांबला होता. नियमशास्त्रानं कुणी नीतिमान ठरत नाही, हे गलतीकरांना पौलानं सांगितलं ते ही हकीगत सांगता सांगताच.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताच्या सगळ्याच शिष्यांना तिथे जागा होती. 1919 मध्ये टिळक गेले. आमचे पंच त्यांची भजनं डोळे मिटून म्हणत आणि मग वहीत आत्याच्या नावापुढे शेरा लिहीत. त्याचा राग मला अजून येतो.

आत्या स्वतः नियमांची पक्की. आधी दशांश बाजूला, मग किराणा. रविवारी शिलाई मशीनला हात लावायचा नाही. तरी एका रविवारी शेजारची मुलगी लग्नाचा उसवलेला ब्लाउज घेऊन रडत आली, तेव्हा आत्यानं मशीनचं झाकण काढलं, शिवण घातली, पैसे घेतले नाहीत आणि उपासनेला उशिरा पोचली. देवाची मर्जी संपादायला तिनं कधी नियम पाळले नाहीत. त्याचं प्रेम आपल्याला फुकट मिळालंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नियम त्या आनंदातले होते. म्हणून तिला ते मोडताही आले.

आता मी पंचांत बसतो. कुणाचं प्रभुभोजन बंद करायचा ठराव आला की विरोधात मत देतो आणि अकरावा अध्याय सतराव्या वचनापासून मोठ्यानं वाचायला लावतो.