खोलीला पावती असते, समाजाला नसते

पुनर्विकासाच्या कागदांत एक रकाना कधीच नसतो. खोली क्रमांक असतो, भाडेकरूचे नाव असते, क्षेत्रफळ असते, निवासी की अनिवासी हे असते, शेवटी पात्र की अपात्र हेही असते. पण या चाळीत एक समाज राहतो, त्याचे एक मंडळ आहे आणि त्या मंडळाची एक जागा आहे, हे लिहायला कुठेही जागा ठेवलेली नसते. जे रकान्यात बसत नाही ते पाडकामाच्या दिवशी राडारोड्याच्या डंपरमध्ये जाते. मध्य मुंबईतल्या आमच्या चाळीत गेली काही वर्षे आम्ही या एका रकान्यासाठी भांडत आहोत. विकासकाच्या माणसांना हे भांडण चिल्लर वाटते. आपल्यातल्याही अनेकांना वाटते. म्हणून हा लेख.

आमच्या मंडळाची खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून आहे. दहा बाय बारा. ती घेतली गिरणी कामगारांनी, महिन्याच्या वर्गणीतून. सकाळी तिथे बालवाडी भरायची. दुपारी बायकांची भिशी आणि पापडाचे काम चालायचे. संध्याकाळनंतर अभ्यासिका. घरात सात माणसे आणि एक दिवा, अशा खोल्यांतली पोरे रात्री एकपर्यंत मंडळाच्या ट्यूबलाइटखाली बसून दहावी-बारावी झाली. वर्षावासात ग्रंथवाचन तिथेच, गायन पार्टीची ढोलकी तिथेच, कुणी गेले तर पुण्यानुमोदनाची तयारी तिथेच. 6 डिसेंबरच्या आधी दोन रात्री विदर्भ-मराठवाड्यातून चैत्यभूमीला आलेली माणसे त्याच फरशीवर झोपायची आणि वरच्या मजल्यांवरून भाकऱ्या खाली यायच्या. भिंतीत एक संगमरवरी फलक आहे. त्यावर देणगीदारांची नावे आणि नावापुढे गिरणीचे नाव. त्यातली एकही गिरणी आज चालू नाही.

आता या खोलीची भाडेपावती कुणाच्या नावावर आहे ते ऐका. घरमालक मंडळाच्या नावाने पावती फाडायला तयार नव्हता. मंडळाला पावती दिली तर उद्या इथे देऊळ उभे करतील, असे त्याचे म्हणणे. मग त्या वेळच्या चिटणीसांच्या नावाने पावती घेतली गेली. ते गेले त्याला तीस वर्षे झाली. भाडे मंडळ भरत राहिले, पावती त्यांच्या नावाने येत राहिली. पात्रता यादी लागली तेव्हा खोली त्यांच्या नावावर, 'निवासी' म्हणून आली. म्हणजे नव्या इमारतीतला एक पूर्ण फ्लॅट त्यांच्या वारसांचा.

वारस आमच्यातलेच आहेत. त्यांचा नातू आमच्याबरोबर जयंतीच्या मिरवणुकीत वाढलेला. दुसऱ्या मजल्यावर एकाच खोलीत आई, दोन भाऊ, दोघांच्या बायका आणि लेकरे. कागदावर त्यांचा हक्क दिसत होता आणि गरज तर उघड्या डोळ्यांना दिसत होती. विकासकाच्या माणसाने त्याला चहा पाजून सांगितले, "जागा तुझ्या आजोबांची आहे. मंडळाचा काय संबंध? सही कर, दोन फ्लॅट घे." मंडळाला बाजूला काढायचे असेल तर मंडळाशी भांडावे लागत नाही, आपल्यातल्याच एका गरजवंताला पुढे केले की काम होते. आम्ही हे इथे मुद्दाम सविस्तर लिहीत आहोत, कारण गावोगावच्या समाजमंदिरांच्या सातबाऱ्यावर आणि शहरातल्या विहारांच्या वीजबिलावर असाच कुणा एका दिवंगत कार्यकर्त्याचा नावगाव आहे. वेळ येईल तेव्हा हाच डाव तिथेही टाकला जाईल.

मंडळाची बैठक झाली, आवाज चढले, एक-दोघांनी नको ते शब्द वापरले. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अरे पोरांनो, त्याच्या आज्याची वही काढा. भांडता कशाला?" लोखंडी कपाटात वर्गणीच्या वह्या होत्या. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण अक्षर शाबूत. चिटणीस स्वतःच हिशेब लिहीत. महिन्या-महिन्याला एक ओळ: खोलीभाडे, मंडळाच्या वर्गणीतून. वर्षानुवर्षे, त्यांच्याच हातची. ती पाने सभेत मोठ्याने वाचली गेली. वाचणारा त्यांचाच नातू होता, आम्ही त्याच्याच हातात वही दिली. पुढच्या आठवड्यात त्याने आणि त्याच्या आईने प्रतिज्ञापत्र करून दिले की ही खोली मंडळाची आहे, आमच्या घराण्याने तिचे भाडे कधी भरलेले नाही.

आज या भागात एका फ्लॅटची किंमत काय आहे हे तुम्हाला माहीत आहे. ज्या घरात रात्री झोपायला पाळी लावतात त्या घराने हे केले. टाळ्या वाजवून हा विषय संपवणे आम्हाला पटत नाही. त्या कुटुंबाचे दाटीवाटीचे जगणे नव्या इमारतीतल्या एका घराने सुटणार नाही. मंडळाने त्यांच्या दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलायचा ठराव केला आहे. तो पाळला गेला पाहिजे, आणि तो पाळला जातो की नाही हे विचारायचा अधिकार चाळीतल्या प्रत्येकाला आहे.

प्रतिज्ञापत्र झाले म्हणजे जागा मिळाली असे नाही. विकासक म्हणाला, "ठीक आहे, मंडळाला जागा देऊ. पोडियमवर मल्टिपर्पज हॉल आहेच." इथे आपले कार्यकर्ते हमखास फसतात. हॉल मोठा असतो, वातानुकूलित असतो, नकाशात निळ्या रंगाने दाखवलेला असतो. पण तो असतो सोसायटीचा. सहकारी गृहनिर्माण संस्था 1960 च्या कायद्याखाली चालते. तिचे सदस्य म्हणजे फ्लॅटधारक आणि तिचे निर्णय बहुमताने. आज चाळीत आपण बहुसंख्य आहोत. दहा वर्षांनी? मेंटेनन्स परवडत नाही म्हणून चार जण बदलापूर-नालासोपाऱ्याला जातील, चार जण मुलीच्या लग्नासाठी विकतील. नवे येतील ते त्यांच्या आवडीनिवडी घेऊन येतील. मग एका वार्षिक सभेत ठराव येईल की हॉल कोणत्याही धार्मिक वा राजकीय कार्यक्रमाला द्यायचा नाही. नवरात्रात तो ठराव कुणाला आठवणार नाही. 14 एप्रिलला मात्र नक्की आठवेल.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटीचे कार्यालय यांची तरतूद आहे. ती लढून मिळालेली आहे आणि तिचा उपयोग करून घेतलाच पाहिजे. पण कल्याण केंद्र कुणाच्या ताब्यात, कशासाठी, किती काळ, हे करारात लिहिले नाही तर किल्ली शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या खिशात राहते. म्हणून आमची मागणी हॉलची नाही. आमची मागणी मंडळाच्या नावाने, स्वतंत्र दरवाजा असलेल्या, वाचनालय-अभ्यासिका-विहार असा उपयोग करारनाम्यात नमूद केलेल्या जागेची आहे. वाचनालय सर्वांना खुले राहील, चाळीतल्या मराठा, भंडारी, मुसलमान घरांतल्या मुलांनाही. आजही आहे.

काही तरुण मित्र विचारतात, "मोठं घर मिळतंय, लिफ्ट मिळतेय, घरात संडास मिळतोय, तुम्ही एका खोलीसाठी का अडवता?" प्रश्न रास्त आहे. आम्ही एक दिवसही काम अडवलेले नाही, संमतीपत्रांवर आमच्या सह्या पहिल्या आहेत. चाळ टिकावी असे आम्हाला अजिबात वाटत नाही. मराठी नाटक-सिनेमात आणि ललित लेखांत चाळीचे जे गोडवे गायले जातात, त्या गॅलरीतल्या दिवाळीत आपण कुठे होतो हे एकदा विचारा. सार्वजनिक संडासाच्या रांगेत पहाटे चारला उभ्या राहणाऱ्या आपल्या आयांना त्या 'चाळ संस्कृती'बद्दल विचारा.

बीडीडी चाळींचेच पाहा. 1920 च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या 207 इमारती: वरळीत 121, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीत 12. खोली 160 चौरस फुटांची. 5 जानेवारी 1974 रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानात दलित पँथरची सभा उधळली गेली आणि पुढे कित्येक आठवडे तिथे दंगल चालली. दगड याच चाळींच्या गॅलऱ्यांतून आले होते. त्याच महिन्यात, 10 जानेवारीला, परळच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. चौकशीला न्या. भस्मे आयोग बसला. म्हणजे ज्या गॅलरीला इतर लोक वारसा म्हणतात, तिच्याकडे वर बघत चालायची सवय आपल्या माणसांना लागली होती. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या 556 रहिवाशांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला. शंभर वर्षे उशिरा का होईना, हक्काचे मिळाले.

पण त्याच प्रकल्पात नावांचे काय झाले? महाविकास आघाडी सरकारच्या काळात वरळीच्या वसाहतीला बाळासाहेब ठाकरे, नायगावच्या वसाहतीला शरद पवार आणि ना. म. जोशी मार्गावरच्या वसाहतीला राजीव गांधी अशी नावे देण्याचे जाहीर झाले. तीन पक्षांचे सरकार, तीन वसाहती, वाटणी पूर्ण. पँथरची सभा जिथे झाली त्या वस्तीच्या नव्या पाटीवर त्या इतिहासाचा मागमूस नाही.

वारसा म्हणजे काय हे ठरवणारे लोक वेगळे असतात, हे आता आपण समजून घेतले पाहिजे. 2018 मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. इमारती सुंदर आहेत, वाद नाही. पण कमानी मोजणाऱ्या नजरेला वर्गणीची वही दिसत नाही. परळच्या बीआयटी चाळीत, 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ राहिले. लंडनमधले किंग हेन्री रोडवरचे घर, जिथे ते 1921-22 मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले. चांगलेच केले. आणि पुढच्याच वर्षी, 25 जून 2016 च्या पहाटे, दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस जमीनदोस्त झाली. त्यानंतर जुलैमध्ये निघालेला मोर्चा आमच्यापैकी अनेकांनी पाहिला आहे, त्यात चाललेही आहेत. तो संताप खरा होता. पण बुलडोझर येऊन गेल्यानंतरचा संताप आणि बुलडोझर यायच्या आधीची कागदपत्रे यांत दुसऱ्याची गरज आज जास्त आहे.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. 1944 मध्ये त्यांनी मुंबईत अनुसूचित जातींसाठी ट्रस्ट स्थापन केला तो याचसाठी की जागा आणि छापखाना समाजाच्या संस्थेचे असावेत, कुणा एकाच्या नावावर राहू नयेत. आपण त्यांच्या पुतळ्यासाठी चौक मागतो, पण त्यांच्यासारखी घटना लिहून संस्थेची नोंदणी करायला कंटाळतो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज वर्षानुवर्षे भरलेले नसतात, विश्वस्तांपैकी निम्मे हयात नसतात. विकासकाचा वकील पहिल्या बैठकीत हेच कागद मागतो.

आमच्या मंडळाने हे काम हाती घेतले ते मुख्यतः बायकांच्या जोरावर. कार्यकारिणीत पूर्वी सगळे पुरुष, पण ग्रंथवाचनाचे, भाकऱ्यांचे, वर्गणी गोळा करण्याचे काम कोण करत होते? आता कोषाध्यक्ष आणि दोन विश्वस्त महिला आहेत. वह्या मोबाइलवर पानापानाने उतरवून घेतल्या. कपाटातल्या पुस्तकांची यादी झाली, काहींच्या आत वाचणाऱ्यांच्या सह्या आणि तारखा सापडल्या. म्हाताऱ्या माणसांना खुर्ची देऊन त्यांचे बोलणे रेकॉर्ड करतो. त्यात भाषणबाजी कमी आणि भांडणे जास्त निघतात: कुणी वर्गणी बुडवली, जलशात कुणाचा आवाज फाटला, 1982 च्या संपात कुणाच्या घरी काय शिजत होते. ते सगळे ठेवायचे ठरले आहे. पोटभाडेकरू म्हणून राहणाऱ्या आणि त्यामुळे कोणत्याच यादीत नसलेल्या तीन घरांचे बोलणेही त्यात आहे. त्यांच्या घराचा प्रश्न आम्ही मंडळाच्या मागण्यांत घेतला आहे, उत्तर अजून मिळालेले नाही.

करारनाम्याच्या मसुद्यात मंडळाच्या जागेचे कलम चार ओळींचे आहे. त्यातला 'कायमस्वरूपी' हा शब्द विकासकाला काढायचा आहे, त्याऐवजी 'सोसायटीच्या परवानगीने' हवे आहे. आमच्या वकिलांनी दोनदा मसुदा परत पाठवला आहे. तो शब्द परत आल्याशिवाय संक्रमण शिबिराच्या भाड्याचे धनादेश घ्यायचे नाहीत, असा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. त्यावर चाळीत दोन मते आहेत, कारण काहींना मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आत हलायचे आहे.

दरम्यान संगमरवरी फलक उतरवायला गवंडी बघून गेला. पाठीमागे पूर्ण सिमेंट आहे, सरळ निघणार नाही, तुकडे होतील, असे तो म्हणाला. भिंतीचा तेवढा भाग विटांसकट कापून काढायचे ठरले आहे. त्याला मशीन लागते, दोन दिवसांचे भाडे लागते. वर्गणी सुरू केली आहे, नव्या वहीत.