सहभागाचे ऋण

पक्षाघाताने हिरावून नेलेले चालणे-बोलणे माणसाला पुन्हा कसे मिळवून द्यावे, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासाचा आराखडा विद्वान मंडळी दफ्तरात बसून सिद्ध करतात. परंतु तो तडीस जाणार की मध्येच विस्कटणार, याचा निकाल रुग्णाच्या उंबरठ्याशी लागतो, असे व्यायामोपचाराच्या व्यवसायात बराच काळ घालवल्यावर माझे ठाम मत झाले आहे. माणसे अभ्यासात घेणे आणि मुदत संपेपर्यंत त्यांना धरून ठेवणे हे काम कारकुनीचे समजले जाते; वस्तुतः ती एक विद्या आहे, आणि निःसंकोचपणे सांगितलेले सत्य हा तिचा पाया आहे.

सुरतेत तापीच्या उत्तरेस, अमरोलीला लागून असलेल्या कोसाडच्या आवास वसाहतीत माझे जाणे-येणे असते. शहरातील झोपडवस्त्या हलवून महानगरपालिकेने वसवलेल्या या वसाहतीत शहादे, शिरपूर, नंदुरबार या बाजूंनी लूमच्या खात्यांत पोट भरण्यासाठी आलेली खानदेशी घरेही आहेत. बारा तासांची पाळी ओढणारा कर्ता पुरुष एके सकाळी लकव्याने आडवा होतो. त्याची रोजंदारी तर बुडतेच, शिवाय साड्यांना खडे चिकटवून चार पैसे मिळवणाऱ्या त्याच्या बायकोचेही काम त्याला उठवण्या-बसवण्यात खोळंबते. अशा घरात पाऊल टाकून ‘आमच्या अभ्यासात या’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही आपोआप मिळत नाही.

तो मिळवण्याची पहिली पायरी संमतिपत्राची. पांढरा कोट दिसला की लोकांना वाटते, मोठ्या दवाखान्याचा इलाज फुकटात पदरी पडला. तेव्हा, “आप्पा, हा इलाज लागू पडतो की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तर हा अभ्यास, तुमच्या वाट्याला कदाचित नेहमीचाच उपचार येईल, आणि तुम्ही नको म्हणालात, तरी तुमच्या औषधपाण्यात काडीचा फरक पडणार नाही,” हे तिन्ही स्वच्छ सांगावे लागते. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठीने ठरते हे येथे चटकन पटते, कारण पालिकेच्या घरांची सोडत या लोकांना परिचयाची आहे: तेथे ओळखपाळख चालत नाही, तशी येथेही चालत नाही.

वाचा गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत मान हलली की तीच संमती समजण्याचा मोह होतो. मी मग उलट प्रश्न घालते: “अभ्यासात येणं सक्तीचं आहे का?” यालाही मान होकारार्थीच हलली, तर त्यांना अद्याप उमगलेले नाही असे धरून चित्रांच्या साहाय्याने पुन्हा आरंभ करते. निरक्षर माणसाचा अंगठा, उजवा हात लुळा पडला असल्यास डाव्या हाताचा, घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समक्ष लागतो. शेजारच्या इमारतीतला शिकलासवरलेला एखादा तरुण येऊन सगळा मजकूर मोठ्याने वाचतो, आणि त्या वाचनातूनच घरच्यांना त्यांचे खरे प्रश्न सुचतात.

पुढची कसोटी माणसे टिकवण्याची. सिमकार्ड बदलते, खोली बदलते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किंवा लग्नसराईत अख्खे कुटुंब गावी जाते, आणि मालिशवाल्याची कीर्ती ऐकून रुग्णालाही सोबत नेले जाते. म्हणून त्यांच्या परवानगीने गाव, तालुका, भावाचा आणि शेजाऱ्याचा क्रमांक पहिल्याच दिवशी नोंदवावा, आणि तपासणीची तारीख आखाजी पाहून ठरवावी. लुळा पाय ओढत माणसाने जिना उतरावा आणि रिक्षा करून आपल्याकडे यावे, यापेक्षा आपण जिना चढणे न्याय्य. आणि यावेच लागले, तर प्रवासखर्च व बुडालेली मजुरी भरून देणे हा उपकार नव्हे, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही त्याला स्थान आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण गळणारी माणसे यदृच्छया गळत नाहीत. जो सावरला तो कामावर रुजू होतो, जो खालावला तो गावी नेला जातो, आणि मागे उरलेल्यांच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष असत्य ठरतो. कुटुंबीयांनाच पुनर्वसनाचे शिक्षण दिल्यास रुग्ण अधिक सावरतो का, हे पाहणाऱ्या ‘अटेंड’ या अभ्यासात भारतातील १४ केंद्रांवरचे १,२५० रुग्ण होते; २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार सहा महिन्यांअखेर दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण मृत वा परावलंबी होते. उत्तर निराशाजनक खरे. परंतु त्या मुदतीअखेर १,२१२ जणांची स्थिती नोंदलेली होती, म्हणूनच ते विश्वसनीय आहे. निम्मी माणसे निसटली असती, तर ते ना होकार ठरते ना नकार.

“मग आमचा उपयोग काय झाला, ताई?” असे एखादी माउली विचारते, तेव्हा हेच तिला समजावून सांगितले पाहिजे: ज्या उपचाराने गुण येत नाही त्यात दुसऱ्या घराचा वेळ आणि पैसा जाणार नाही, आणि हे कळले ते तुमचा माणूस शेवटपर्यंत टिकला म्हणून. हे ऐकण्याचा तिचा हक्क आहे; निकाल सांगण्याच्या त्या अखेरच्या फेरीचा खर्च अभ्यासाच्या अंदाजपत्रकात आरंभीच मांडला गेला पाहिजे, आणि ज्यात तो मांडलेला नाही त्या अभ्यासाने कोणाच्याही उंबरठ्यावर अंगठा मागायला जाऊ नये.