डब्यातला वास

२०२०चा मे महिना. टाळेबंदीत आमच्या खिडकीसमोरचा, एरवी गजबजलेला माजिवडा नाका शांत होता. पाव मिळेना, म्हणून मी घरीच करायला घेतले. मैदा, साखर, यीस्ट कोमट पाण्यात मळून डब्यात ठेवलं, झाकण गच्च लावलं आणि कामाच्या रगाड्यात विसरले.

सकाळी पाहते तर झाकण उडालेलं. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अगं, दारूचा वास येतोय याला. टाकून दे."

अकरावीला श्वसनाचा धडा मी कित्येक वर्षं शिकवतेय. साखर फुटून आधी पायरुव्हेट, मग ॲसिटाल्डिहाइड, शेवटी इथेनॉल म्हणजे दारूतलं अल्कोहोल, हा क्रम मुलांकडून घोकून घेतला. तो नाकात शिरला मात्र त्या सकाळी.

सासूबाईंना मी खिडकीतून नाका दाखवला. "आई, टेम्पो माल उतरवून रिकामा झाला तरच पुढची फेरी करतो ना? यीस्टचंही तसंच." साखर फोडताना निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी नावाचा रेणू उचलतो. हे टेम्पो पेशीत मोजकेच. ऑक्सिजन असला, तर माल शेवटी त्याच्याकडे पोचतो. बंद डब्यातला ऑक्सिजन संपला की भरलेले टेम्पो जागीच अडकणार, साखर फुटणंच थांबणार. तिथे अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर धावून येतं. ते माल ॲसिटाल्डिहाइडवर उतरवतं. त्याचं इथेनॉल होतं आणि एनएडी मोकळा होतो. एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे, जेमतेम २ रेणू हाती लागतात. ऑक्सिजन असता तर तिसाच्या आसपास मिळाले असते. पण त्या दोनांवर पेशी जगते.

"म्हणजे दारू करायची म्हणून नाही करत ते?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. जगायचं म्हणून करतं."

पीठ टाकलं नाही. पुन्हा मळून, गोळे करून, फुगू दिले आणि कुकरची शिट्टी काढून मंद आचेवर भाजले. झाकण उघडताच वाफेबरोबर तो उग्र वास बराचसा उडून गेला. सासूबाईंनी पाव मोडला, आतली जाळी निरखली. ती आधीच्या पायरीची खूण: पायरुव्हेटपासून ॲसिटाल्डिहाइड होताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड.

कॉलेज पुन्हा भरल्यापासून या धड्याला मी आंबलेल्या पिठाचा डबा नेते. आधी तो बाकांवरून फिरतो. प्रत्येकाने वास घेतला, की मग फळ्यावर विकराचं नाव लिहिते.