धुऱ्यावरचं भांडण

वलगाव, जि. अमरावती
२० डिसेंबर

चि. ताईस,


तुझं पत्र पोचलं. वर्गातल्या मुली कवितेतले संदर्भ चटकन ओळखतात आणि तुला मात्र टिपा उघडाव्या लागतात, ही तक्रार मामाने दोनदा वाचली. उत्तर सुचेना. मग गावात एक भांडण झालं आणि सुचलं.

दोन शेजारी धुऱ्यावरून हमरीतुमरीवर आले होते. एकाने हात झटकून सांगितलं, "सुईच्या टोकावर राहीन एवढीबी जमीन देत नाई!" पारावरचा म्हातारा तंबाखू मळता मळता म्हणाला, "नको देऊ बाप्पा. पन असं म्हननाऱ्याचं पुढं काय झालं, तेबी आठव." लोक हसले. भांडणारा गप्प झाला. दुर्योधनाचं नाव कोणीही घेतलं नव्हतं.

संदर्भ असाच चालतो. बोलणारा अर्धं बोलतो, उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याच्या घरात आधीपासून असावं लागतं. कधी ते बोलणाऱ्यावरच उलटतं.

वलगावहून परतवाड्याचा रस्ता धरला की गो. नी. दांडेकरांचं जन्मगाव येतं. १९१६ साली जन्मलेला हा लेखक तरुणपणी गाडगेबाबांच्या सहवासात राहिला. ज्ञानेश्वरांवरच्या कादंबरीला त्यांनी 'मोगरा फुलला' नाव दिलं, रामदासांवरचीला 'दास डोंगरी राहतो', तुकारामांवरचीला 'तुका आकाशाएवढा'. या शेवटच्या नावाशी जरा थांब. अभंग ठाऊक नसलेल्याला ते नुसतं कौतुक वाटेल: केवढा मोठा तुका! पण हे शब्द तुकोबांनी स्वतःविषयी उच्चारलेले, आणि त्याआधी त्यांनी स्वतःला अणुरेणूहून लहान करून घेतलेलं. दांडेकरांनी तो भाग मुखपृष्ठावर छापला नाही. मराठी वाचक तो मनात म्हणणार, हे त्यांनी धरूनच चाललेलं होतं.

आता ओळखायचं कसं? एखादा तपशील गरजेपेक्षा जड लागला की तिथे थांबायचं. यक्ष रामगिरीवर दिवस कंठतोय, एवढं सांगून 'मेघदूता'चं काम भागलं असतं. कालिदास मात्र पहिल्याच श्लोकात तिथलं पाणी सीतेच्या स्नानाने पावन झाल्याचं सांगतो. यक्षाची बायको तर तिकडे अलकानगरीत! इथे सीता कशाला? मग आठवतं की बायकोपासून ताटातूट झालेला आणखी एक नवरा होता आणि त्यानेही दूत धाडला होता. हा आपल्याच मनाचा खेळ वाटला तर उत्तरमेघापर्यंत धीर धरावा. तिथे यक्ष ढगाला सांगतो, की मारुतीकडे सीतेने पाहिलं तशी माझी बायको मान उंचावून तुझ्याकडे पाहील. पहिल्या खुणेने शंका येते, दुसरीने ती पक्की होते. हा रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचं रामटेक, असं वा. वि. मिराशींनी मांडलंय.

दुसरी खूण मिळाली नाही तर हट्ट धरू नये. इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं पुस्तक 'युगान्त', १९६७ चं. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'पासून सुरू होणाऱ्या त्रयीतलं तिसरं नाटकही 'युगान्त'. नुसत्या नावावरून एकाला दुसऱ्याच्या दाराशी नेऊन बांधता येत नाही. हा शब्द कोणाच्याच मालकीचा नाही. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चं तसं नाही. १९७० च्या त्या नाटकात म्हातारा आपलं सगळं पोरांना देऊन मोकळा होतो, तेव्हा किंग लिअर माहीत असलेल्याच्या पोटात तिथेच गोळा येतो. आणि हा म्हातारा, बेलवलकर, स्वतः शेक्सपिअरच्या भूमिका गाजवलेला नट! म्हणजे दुसरी खूण शिरवाडकरांनी हातातच दिली.

टिपा पाहण्यात कमीपणा कसला? १९२२ मध्ये 'द वेस्ट लँड' पुस्तकरूपाने आलं, तेव्हा एलियटने टिपा स्वतःच जोडल्या होत्या.

आज गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच तारखेला, गाडी अमरावतीकडे चाललेली असताना, इथे पेढी नदीच्या पुलाजवळ त्यांनी देह ठेवला. अक्षरओळख नसलेले बाबा कीर्तनात तुकोबांना, कबीराला घेऊन यायचे आणि समोरच्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. पारावरचा तो म्हातारा लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून असं एक कीर्तन ऐकून आलाय. शाळा त्याची दुसरीतच सुटली.

धुऱ्याची मोजणी सोमवारी आहे. सुट्टीत येशील तेव्हा 'तुका आकाशाएवढा'ची ती जुनी प्रत परत आण. ती आजीची आहे. आतल्या पानावर, नावाच्या वरच्या बाजूला, तिने पेन्सिलीने दोन शब्द लिहिलेत. ते खोडू नको.

तुझा,
मामा