दहा अक्षरं आणि एक अधिक

वाचता येते! ती ओळ वाचता येते! काळ्या पडद्यावर फाइलींची यादी मागवली की प्रत्येक नावाआधी डी, आर, डब्ल्यू, एक्स आणि मधेमधे रेघा अशी दहा अक्षरांची माळ येते. इतकी वर्षं माझी नजर तिच्यावरून घसरून थेट नावावर जायची. गेल्या शुक्रवारी मध्यरात्रीनंतर, गारखेड्यातल्या आमच्या घरी नळाला पाणी येण्याची वाट बघत बसले होते, तेव्हा ती माळ मला वाचता आली. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. आता तुम्हाला सांगते.

माझे बाबा जायकवाडी धरणावर नोकरीला होते. पैठण हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दर फाल्गुनात नाथषष्ठीला टेपरेकॉर्डर काखोटीला मारून ते वाळवंटात हजर. कीर्तनं, भारुडं, दिंडीतल्या बायकांच्या ओव्या, जे कानावर पडेल ते त्यांनी टिपलं. एकशे चाळीस कॅसेट भरल्या आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला बाबांचा आवाज: आज तिथी अमुक, जागा अमुक, वारा फार आहे. बाबा गेल्यावर दोन उन्हाळे खर्चून मी या सगळ्या कॅसेट लॅपटॉपवर उतरवल्या. मग एक जुना लॅपटॉप कोपऱ्यात ठेवला, त्यावर उबुंटू ही कार्यप्रणाली चढवली, कीर्तनांची डिस्क जोडली आणि जेलीफिन बसवलं. जेलीफिन म्हणजे घरातलं स्वतःचं प्रसारण केंद्र. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या सॉफ्टवेअरमधून फुटून ते वेगळं झालं, सगळ्यांना खुलं आहे, एक पैसा पडत नाही. आपल्या डिस्कवरची गाणी आणि चित्रफिती ते घरच्या वायफायवरून टीव्हीवर आणून देतं. आईला कॅसेट हाताळणं आता जमत नाही. रिमोटचं एक बटण दाबावं आणि बाबांचा आवाज यावा, एवढं मला हवं होतं.

टीव्हीवर ‘कीर्तनं’ असा चौकोन उमटला. आईने बटण दाबलं. आत काहीच नाही.

लॅपटॉपवर मी तीच फाइल उघडली की खणखणीत वाजते, आणि टीव्हीवर रिकामं! पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, परवानगीचा घोळ असणार. सगळ्याला ७७७ देऊन टाक.” मी दिलं. अख्ख्या डिस्कला दिलं. चौकोन तरीही रिकामा. खरं सांगते, ७७७ ने काम झालं असतं तर मी झोपायला गेले असते आणि पुढचं काहीच मला कळलं नसतं.

आता ती दहा अक्षरं. पहिलं अक्षर वस्तू कोणती ते सांगतं: डी असेल तर फोल्डर, नुसती रेघ असेल तर साधी फाइल. उरलेली नऊ तीन-तीनच्या गटाने वाचायची. पहिली तीन मालकासाठी, मधली तीन त्या फाइलीला नेमून दिलेल्या गटासाठी, शेवटची तीन बाकी साऱ्या जगासाठी. प्रत्येक तिघांत आर म्हणजे वाचायची मुभा, डब्ल्यू म्हणजे लिहायची, एक्स म्हणजे चालवायची, आणि रेघ म्हणजे मुभा नाही. बस्स! बाराखडीपेक्षा सोपं.

आकडे त्याहून देखणे आहेत. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १. तराजूत चार, दोन आणि एक किलोची तीनच वजनं ठेवा. एकपासून सातपर्यंत कोणतंही वजन होतं, आणि प्रत्येक वजन एकाच रीतीने होतं. सहा म्हणजे चार अधिक दोन, दुसरा मार्गच नाही. म्हणून ६४० हा आकडा एक पूर्ण वाक्य आहे: मालकाने वाचावं-लिहावं, गटाने फक्त वाचावं, बाकीच्यांनी हात लावू नये. तीन अंकांत! आणि ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी, उबुंटू ज्या वळणावर बेतलं आहे ते युनिक्स रचलं, त्याच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि परवानगी बदलणारी सीएचमॉड ही आज्ञा त्या पुस्तिकेत आहे. तेव्हा मालक आणि बाकीचे एवढेच दोन पक्ष होते, गट मागाहून आला. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची आज्ञा, आणि मी ती गारखेड्यात बसून बाबांच्या कीर्तनांवर चालवते आहे.

मग ७७७ देऊनही दार बंद का? इथे मला देवगिरी किल्ला आठवला. आमच्या शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर. शाळेच्या सहलीपासून आजवर किती वेळा चढले असेन. माथ्यावरची बारादरी सताड उघडी आहे, पण तिथे पोचायला महाकोटाचे दरवाजे ओलांडावे लागतात, मग खंदकावरचा पूल, मग अंधारी हा काळोखा भुयारी मार्ग, मग पायऱ्या. वाटेतलं एक दार लागलेलं असेल तर वरची बारादरी उघडी असून तुमच्या काय कामाची? फोल्डरांचं नेमकं तसंच आहे! फोल्डरावरच्या एक्सचा अर्थ ‘चालव’ असा नसतो, ‘इथून पुढे जा’ असा असतो. आर असेल तर आत काय काय आहे याची यादी मिळते, एक्स असेल तर आत पाऊल टाकता येतं. फाइलीपर्यंतच्या वाटेवर जितके फोल्डर, त्या प्रत्येकावर एक्स हवा. मी बारादरीची दारं सताड उघडून बसले होते आणि खालचा कोणता तरी दरवाजा बंद होता.

कोणता, ते सांगणारी आज्ञा आहे! नेमआय डॅश एल, आणि पुढे फाइलीची पूर्ण वाट. ही आज्ञा मूळ तिरक्या रेघेपासून फाइलीपर्यंत एकेक दरवाजा एकेका ओळीत मांडते: त्याची माळ, त्याचा मालक, त्याचा गट. पहिली ओळ ठीक. दुसरी, ‘मीडिया’ नावाचा फोल्डर, ठीक. तिसरी माझ्या नावाचा फोल्डर, आणि तिथे शेवटच्या तीन जागी तीन रेघा. बाकीच्यांना प्रवेश नाही. मालक रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, आणि गटही रूट. सापडलं! मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

आणि पुढच्याच क्षणी परत बसले, कारण एक गोष्ट जुळेना. त्या फोल्डराचा मालक मी नाही, रूटच्या गटातही मी नाही. म्हणजे मीसुद्धा ‘बाकीचे’. मग मी आत कशी जाते? एलएस डॅश एल लावून ‘मीडिया’मध्ये काय आहे ते बारकाईने पाहिलं. दहा अक्षरं संपल्यावर, अगदी चिकटून, अकराव्या जागी एक अधिकचं चिन्ह होतं. केवढंसं ते! त्याचा अर्थ असा की या दहा अक्षरांपलीकडे आणखी एक यादी जोडलेली आहे, ती बघा. गेटएफएसीएल या आज्ञेने ती उघडली. एकच नाव होतं, माझं. डिस्क जोडली की उबुंटू ती मीडियाखाली, जो खुर्चीत बसला आहे त्याच्या नावाच्या फोल्डरात उघडतं आणि आत यायची मुभा त्या एकालाच देतं. चूक नव्हतीच. पाहुण्याने पेन ड्राइव्ह लावला तर त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या माणसाने तो चाळू नये, म्हणून केलेली ती काळजी आहे.

आणि जेलीफिन हा त्या यंत्रावरचा दुसरा माणूसच की! संगणकाच्या लेखी ‘जेलीफिन’ नावाचा वेगळा वापरकर्ता आहे, तो माझ्या नावाने वावरत नाही. सुडो डॅश यू जेलीफिन, आणि पुढे एलएस, असं लिहिलं की ती आज्ञा जेलीफिन होऊन चालते. परकायाप्रवेश म्हणतात तो हाच. मी तो केला आणि पडद्यावर ‘पर्मिशन डिनाइड’ आलं. मला बाबांची कीर्तनं दिसत होती, त्याला दिसत नव्हती, आणि आता त्याच्या डोळ्यांनी मलाही दिसत नव्हती. खरंच सांगते, अंगावर काटा आला.

आता दुरुस्ती. ते तिसरं दार मी फोडलं नाही. डिस्कला कायमची वेगळी जागा दिली: एसआरव्ही या फोल्डरखाली ‘कीर्तन’ नावाचा फोल्डर, आणि एफएसटॅब या फाइलीत डिस्कच्या ओळखक्रमांकासह एक ओळ. असं केलं की लॅपटॉप सुरू होतानाच डिस्क तिथे येऊन बसते. वीज जाऊन आली आणि खुर्चीत कुणी नसलं तरी अडत नाही. त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घालायचा. नाहीतर कधी डिस्क जोडलेली नसली तर लॅपटॉप सुरू होताना तिच्यासाठी अडून बसतो.

मग ‘घर’ नावाचा गट केला. त्यात मी आणि जेलीफिन. ‘कीर्तन’ फोल्डर त्या गटाला दिला, बाकीच्यांना बंद केला आणि जेलीफिनला ही नवी वाट दाखवली. यूझरमॉड या आज्ञेत डॅशनंतर मोठ्या जी-आधी छोटा ए लावायला विसरू नका. तो नसला तर माणूस नव्या गटात येतो आणि जुन्या जोड गटांतून बाहेर फेकला जातो. एवढं करून परकायाप्रवेश केला तर यादी दिसली, टीव्ही मात्र रिकामाच. कारण चालू असलेला प्रोग्रॅम आपले गट सुरू होतानाच विचारून घेतो, मधे केलेला बदल त्याच्या कानावर जात नाही. जेलीफिन बंद करून पुन्हा सुरू केलं. चौकोन भरला! पण अर्धाच.

अर्धाच का, तेही त्या यादीत लिहिलेलं होतं. काही फोल्डरांपुढे मालक म्हणून माझं नाव, उरलेल्यांपुढे नुसता आकडा: १००१. कोण हा १००१? मीच! पहिल्या उन्हाळ्यातल्या कॅसेट मी दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवल्या होत्या, तिथे मी दुसरी वापरकर्ती होते. उबुंटू पहिल्या माणसाला १००० देतं, दुसऱ्याला १००१. डिस्कवर नाव लिहिलेलं नसतंच, फक्त क्रमांक असतो. नाव ज्या त्या संगणकाच्या वहीत असतं. या लॅपटॉपच्या वहीत १००१ कुणीच नाही, म्हणून आकडा उघडा पडला. ते फोल्डर मी दिलेल्या ७७७ मुळे वाचता यायला हवे होते, पण त्यांना ते लागलंच नव्हतं: सीएचमॉड मालकाला किंवा रूटलाच चालवता येतं आणि मी ते सुडोशिवाय, म्हणजे रूटचे अधिकार न घेता, चालवलं होतं. सीएचओन या आज्ञेने मालकी माझ्या नावावर आणि गट ‘घर’ केला.

शेवटी ते ७७७ काढलं, आणि हे मी मनापासून सांगते आहे. फाइल पुसायची मुभा फाइलीवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर ठरते. फोल्डरावर सगळ्यांना डब्ल्यू आणि एक्स दिला की त्या यंत्रावरचा कोणताही प्रोग्रॅम आतली कीर्तनं पुसू शकतो, फाइलीवर काहीही लिहिलेलं असो. बाबांचा आवाज मी तसा उघड्यावर ठेवणार नाही. म्हणून फोल्डरांना २७५० आणि फाइलींना ६४०. सुरुवातीचा तो २ अशासाठी की त्या फोल्डरात उद्या नवी फाइल आली तर तिला आपोआप ‘घर’ हाच गट लागतो. सीएचमॉडमध्ये मोठा एक्स वापरला तर एक्स फक्त फोल्डरांना मिळतो, असं मी वाचलं होतं. पण ज्या फाइलीवर आधीच एक्स आहे तिच्यावर तो तसाच राहतो, आणि ७७७ नंतर माझ्या फाइलींवर तो होताच! म्हणून फाइंड या आज्ञेने फोल्डर वेगळे निवडले, फाइली वेगळ्या. दोन ओळींचं काम.

भावाच्या लग्नाची चित्रफीत पेन ड्राइव्हवर होती, एक्सफॅट पद्धतीने बांधलेली. त्या पद्धतीत मालक आणि परवानगी लिहायला जागाच नसते, त्यामुळे तिथे सीएचमॉड कितीही चालवा, उपयोग नाही. मालक कोण आणि मुभा कुणाला, हे पेन ड्राइव्ह जोडतानाच सांगावं लागतं. मी ती चित्रफीत सरळ डिस्कवर उतरवून घेतली.

पहाटे साडेतीनला पाणी आलं. टाकी भरून झाल्यावर आईला उठवलं. तिने बटण दाबलं. आधी वाऱ्याचा घोंघाट, मग बाबा: आज फाल्गुन वद्य षष्ठी, पैठण, वारा फार आहे. आई काही बोलली नाही. तिने ते पुन्हा लावलं.

तुमच्याही टीव्हीवर असा रिकामा चौकोन दिसला तर फाइली गेल्या असं समजू नका, डिस्क पुसू नका आणि ७७७ देऊ नका. नेमआय डॅश एल लिहा, पुढे फाइलीची पूर्ण वाट लिहा, आणि वरच्या दरवाजापासून एकेक ओळ वाचत खाली या.